बहुराष्ट्रीय कंपन्या, त्यांचं नाव आणि त्यांची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवठादार कारखान्यांच्या तपासण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आता मी शिकवते. विद्यार्थी, कंपन्यांत काम करणारे, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, शेअर घेणारे असे सगळेच लिहितात आणि फिरून फिरून तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. परदेशात माल विकणारी प्रत्येक कंपनी बहुराष्ट्रीय असते का?

नाही, ती निर्यातदार झाली. एकाहून जास्त देशांत जिचा स्वतःचा कारभार आहे, म्हणजे कारखाना, खाण, दुकानं किंवा कार्यालयं आहेत आणि त्या सगळ्यांवर एका ठिकाणाहून नियंत्रण चालतं, ती बहुराष्ट्रीय. बाहेरून पाहणाऱ्याला तिचं एकच नाव आणि एकच बोधचिन्ह दिसतं. कायद्याला मात्र तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचा समूह दिसतो: मूळ कंपनी वेगळी, प्रत्येक देशातली उपकंपनी वेगळी, कुठे स्थानिक भागीदाराबरोबर काढलेली तिसरीच. पैसा आणि हुकूम या समूहात सहज फिरतात, जबाबदारी मात्र दर दारात अडते. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघाले आहेत.

२. सामाजिक जबाबदारी म्हणजे शाळांना देणग्या आणि वृक्षारोपण, बरोबर ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो. देणगी म्हणजे कमावलेल्या पैशाचा विनियोग. जबाबदारीचा प्रश्न त्याच्या आधी येतो: पैसा कमावताना कोणाचं काय गेलं?

भारताच्या कंपनी कायद्याचं उदाहरण घ्या. २०१३च्या या कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. पण केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे एखादी कंपनी हे दोन टक्के चोख खर्च करून आपल्या कामगारांना वाईट वागवू शकते, आणि या कलमाचा भंग होत नाही. यात कायद्याचा दोष नाही, त्याचा विषयच तेवढा आहे.

व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं २०११ साली मंजूर झाली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी ती तयार केली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: हक्कांचं रक्षण करणं सरकारचं काम, हक्कांचा मान राखणं कंपनीचं काम, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मागायला जागा हवी. देणगी दिल्याने यातलं दुसरं काम माफ होत नाही.

३. कंपनीने नफा कमवावा, बाकीचं सरकार बघेल. यात चूक काय?

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये साधारण हेच मांडलं. मात्र खेळाचे नियम पाळून आणि फसवणूक न करता, ही त्यांची अट लोक उद्धृत करताना गाळतात. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाबतीत गाडी याच अटीवर अडते. खेळाचे नियम कुठल्या देशाचे? जिथे निरीक्षक तुटपुंजे आणि न्यायालयं वर्षानुवर्षं लांबणारी, तिथे कारखाना हलवणं ही कंपनीचीच निवड असते. ती निवड करून पुन्हा ‘सरकार बघेल’ म्हणणं मला पटत नाही.

भागधारक मात्र या वादात एका बाजूला स्थिर राहत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ कंपनीप्रमुखांनी आपण सर्व संबंधितांच्या हिताला बांधील असल्याच्या निवेदनावर सह्या केल्या. २०२० मध्ये डॅनोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीच्या भागधारकांनी कंपनीच्या घटनेतच सामाजिक उद्दिष्टं घालायला प्रचंड बहुमताने मान्यता दिली. ते घडवून आणणारे प्रमुख इमॅन्युएल फाबेर यांना २०२१च्या मार्चमध्ये, समभागाची कामगिरी कमी पडते म्हणून, पायउतार व्हावं लागलं. हे दोन्ही एका वर्षाच्या आत घडलं.

४. जबाबदारीचं काम नेमकं कुठल्या विभागाचं? आमच्याकडे वेगळा सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग आहे.

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळं इथे ठरतं.

एका शिवण कारखान्यात मी तपासणीला गेले होते. हजेरीपुस्तक फारच स्वच्छ होतं. तीन महिने एकाच शाईत, कुठे खाडाखोड नाही, प्रत्येक बाईची सुटण्याची वेळ सहा. पगाराचे कागद त्याला तंतोतंत जुळणारे. मग मी तुटलेल्या सुयांची वही मागितली. कपड्यात सुईचा तुकडा राहू नये म्हणून शिवण कारखान्यांत सुई तुटली की तिचे सगळे तुकडे गोळा करून वहीत चिकटपट्टीने लावतात आणि शेजारी मशीनचा नंबर, तारीख, वेळ लिहितात. एका पानावर तीन तुकडे नीट जुळवून लावलेले होते आणि वेळ होती रात्री ११.४०. पुढच्या पानावर १२.१५. सहाला सुटलेल्या बाया मध्यरात्री शिवत होत्या.

खोटं हजेरीपुस्तक हा कारखानदाराचा गुन्हा होता, त्यात शंका नाही. पण मी ऑर्डरचे कागदही पाहिले. ज्या कंपनीसाठी मी तपासणी करत होते, तिच्याच खरेदी विभागाने कापडाच्या रंगाला मंजुरी १९ दिवस उशिरा दिली होती आणि माल जहाजावर चढवायची तारीख तीच ठेवली होती. उशीर झाला तर विमानाचं भाडं कारखान्याच्या माथी. ते १९ दिवस कुठून तरी यायला हवे होते. ते रात्रीतून आले.

माझा अहवाल कंपनीच्या अनुपालन विभागाकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्यांकडे, गेला. कारखान्याला ताकीद मिळाली. खरेदी विभागाने तो अहवाल पाहिलाच नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. वर्षअखेरीस खरेदी करणाऱ्याचं मूल्यमापन झालं ते दर किती खाली आणला यावर.

म्हणून कोणी ‘आमच्याकडे वेगळा विभाग आहे’ म्हटलं की मी विचारते, तो विभाग ऑर्डर थांबवू शकतो का? डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलू शकतो का? दोन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील तर जबाबदारी कागदावर एका टेबलाची आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच टेबलाची आहे.

५. ऑडिट झालेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या कारखान्यांत अपघात होतातच कसे?

कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली. २५०हून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. या कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक मानकाचं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथे ‘वाले’ या खाण कंपनीच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि २७० जणांचा जीव गेला. तो बांध स्थिर असल्याचा दाखला बाहेरच्या नामवंत तपासणी संस्थेने दिला होता.

माझ्याच पेशाबद्दल बोलते आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तपासणीचे पैसे बहुतेक वेळा तपासून घेणाराच देतो. बहुतेक भेटी आधी कळवलेल्या असतात. भेट एक-दोन दिवसांची असते आणि यादी ठरलेली. कामगाराशी बोलणं कारखान्याच्या आवारात, पर्यवेक्षकाच्या नजरेसमोर होतं. खरं सांगितलं तर ऑर्डर जाईल आणि नोकरीही, हे तिला माहीत असतं. आणि इमारतीचे खांब तपासणं या यादीत बऱ्याचदा नसतंच.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली. तिच्यातल्या काही कारखान्यांच्याही सामाजिक तपासण्या झालेल्या होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आलं. ऐनवेळी ‘मी आत जाणार नाही’ म्हणण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी प्रमाणपत्र निरुपयोगी आहे.

६. मग ऑडिट बंदच करावं का? दुसरा उपाय कोणता?

बंद नको, पण त्याला दात हवेत. राणा प्लाझानंतर त्याच वर्षी मे महिन्यात आग आणि इमारत सुरक्षेचा बांगलादेश करार झाला. कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यातला हा करार कायद्याने बंधनकारक होता आणि दोनशेहून जास्त ब्रँडनी त्यावर सह्या केल्या. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करायची, अहवाल जाहीर करायचे, दुरुस्तीला पैसे कमी पडत असतील तर ब्रँडनी वाट काढून द्यायची, दुरुस्ती नाकारणाऱ्या कारखान्याकडून खरेदी थांबवायची, आणि धोका वाटला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला द्यायचा, असं त्यात होतं. कराराचं पालन झालं नाही म्हणून संघटनांनी लवादाकडे दाद मागितली आणि २०१८च्या सुरुवातीला एका ब्रँडला २३ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. ऐच्छिक आचारसंहितेत ही सोय नसते.

७. परदेशी उपकंपनीने केलेल्या नुकसानीसाठी मूळ कंपनीला न्यायालयात खेचता येतं का?

पूर्वी फार अवघड होतं, आता थोडं कमी अवघड आहे. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री वायुगळती झाली, तेव्हा अमेरिकी युनियन कार्बाइडकडे तिच्या भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. खटला अमेरिकेत चालावा ही मागणी तिथल्या न्यायालयांनी फेटाळली. भारतात १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

बदल दिसतो तो अलीकडच्या निकालांत. झांबियातल्या तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल तिथल्या गावकऱ्यांनी वेदांतावर लंडनमध्ये दावा लावला. तो तिथे चालू शकतो, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं. त्यासाठी न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर कंपनीच्याच प्रसिद्ध साहित्याकडे बोट दाखवलं. संपूर्ण समूहाच्या पर्यावरण-मानकांवर आपली देखरेख असल्याचं मूळ कंपनीने स्वतः छापलं होतं. नायजेरियातल्या तेलगळतीबद्दल शेलविरुद्धचा दावाही २०२१ मध्ये याच वाटेने पुढे गेला. शाश्वतता अहवाल लिहिणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. तुम्ही लिहिलेलं वाक्य उद्या दाव्याच्या कागदांत वाचलं जाईल.

याशिवाय फ्रान्सचा २०१७चा दक्षता कायदा आणि १ जानेवारी २०२३ पासूनचा जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा यांनी मोठ्या कंपन्यांवर परदेशी पुरवठादारांकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्देश मंजूर केला, पण लगेच तो सौम्य करण्याच्या हालचालीही सुरू झाल्या.

८. सगळ्या परवानग्या हातात असतील तर कंपनीचं नाव कसं काय खराब होईल?

ऑस्ट्रेलियात जुकन गॉर्ज इथे मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंग लावले. परवानगी २०१३ मध्येच मिळालेली होती. २०१४च्या उत्खननात मात्र त्या गुहांमधल्या मानवी वावराच्या खुणा सुमारे ४६,००० वर्षं मागे जातात हे पुढे आलं. तिथे जवळपास ४,००० वर्षांपूर्वीची केसांची एक वेणी सापडली आणि तिच्यातला डीएनए आज तिथे राहणाऱ्या पुउटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. आपल्या पणज्यांच्या पणजीचे केस हातात आल्यासारखंच ते. नवी माहिती आली म्हणून जुन्या परवानगीचा फेरविचार करण्याची तरतूद त्या राज्याच्या कायद्यात नव्हती. कंपनीला मात्र थांबायला कोणी बंदी केलेली नव्हती. सुरुंग उडाले, आणि त्याच वर्षी मुख्य अधिकाऱ्यासह तिघांना जावं लागलं.

परवानगी ही सरकारने दिलेली मुभा असते. ज्यांची ती जागा आहे त्यांचा होकार वेगळा घ्यावा लागतो.

९. ‘त्या देशात लाच दिल्याशिवाय काम होतच नाही’, याला काय उत्तर?

सीमेन्स या जर्मन कंपनीने बराच काळ असंच काम केलं. १९९९ पर्यंत जर्मनीत परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच खर्चात दाखवून करात वजावट मिळत असे. कायदा बदलला, कंपनीतली सवय बदलली नाही. २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतली प्रकरणं मिटवताना सुमारे १६० कोटी डॉलर मोजावे लागले. ‘तिथली पद्धतच तशी’ हे वाक्य देणारा आपल्या सोयीसाठी वापरतो. त्या देशातल्या सामान्य माणसालाही लाच आवडत नाही.

१०. संकट आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंपनीने काय करावं?

आधी माणसं वाचवा, मग तपास, मग बाकीचं. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनचा त्यात हात नव्हता, तरी कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या आणि छेडछाड झाली तर लगेच दिसेल असं नवं वेष्टन आणलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावरच्या स्फोटात ११ कामगार मेले. तेल वाहत असतानाच, विहीर जिची होती त्या बीपी कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी आपल्याला आपलं आयुष्य परत हवं आहे, असं कॅमेऱ्यासमोर म्हटलं. त्यांना माफी मागावी लागली आणि काही महिन्यांत पदही गेलं.

माफी मागितली की दोष कबूल होतो, असं वकील सांगतात आणि काही देशांत ते खरंही आहे. पण मृतांच्या घरी जाणं, तातडीचा खर्च उचलणं, जे माहीत आहे ते आणि जे अजून कळलेलं नाही तेही सांगणं यासाठी कबुलीजबाब द्यावा लागत नाही.

११. टीका करणारी संघटनाच चुकीची असेल तर?

ब्रेंट स्पार हे त्याचं नेमकं उदाहरण. १९९५ मध्ये शेल आपली जुनी तेलसाठवण टाकी अटलांटिकमध्ये बुडवणार होती, ब्रिटिश सरकारची त्याला मान्यता होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने टाकीचा ताबा घेतला, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली आणि कंपनीने बेत रद्द केला. टाकीत ५,५०० टन तेल असल्याचा ग्रीनपीसचा अंदाज फार चुकला होता. त्यांनी सप्टेंबरमध्ये माफीही मागितली. तरी शेलचं गेलेलं नाव परत आलं नाही. लोकांचा आक्षेप आकड्यापुरता नव्हता, समुद्राला कचराकुंडी समजण्याला होता. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी असं बुडवणं जवळपास बंदच केलं. चुकीचा आकडा जरूर दुरुस्त करा, पुराव्यासह. त्यामागची हरकतही ऐका.

१२. एका देशातले ग्राहक एक मागतात आणि दुसऱ्या देशातले नेमकं उलटं. अशा वेळी काय?

चीनच्या शिनजियांग प्रदेशातल्या सक्तीच्या मजुरीच्या आरोपांबद्दल चिंता व्यक्त करणारं, एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीचं जुनं निवेदन मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये पुन्हा फिरलं. बघता बघता कंपनीचा माल तिथल्या मोठ्या खरेदी-ॲपवरून नाहीसा झाला. दुसरीकडे अमेरिकेने जून २०२२ पासून त्या प्रदेशातला माल सक्तीच्या मजुरीचाच मानायला सुरुवात केली. तसा नाही हे सिद्ध करणं आयातदाराचं काम. दोघांनाही खूश करणारं वाक्य अस्तित्वात नाही. ते शोधत बसलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. दोन्हीकडे वेगवेगळं बोलतात आणि एका संध्याकाळी दोन्ही निवेदनं शेजारीशेजारी ठेवलेली फिरतात. माणसाच्या सुटकेचा आणि जिवाचा प्रश्न असेल तिथे बाजारपेठ गेली तरी चालेल, हे संचालक मंडळाने शांत वेळी ठरवून ठेवावं.

१३. अडचणीच्या देशातून बाहेर पडणं हाच प्रामाणिक मार्ग नाही का?

कधी हो, कधी नाही. लाफार्ज या फ्रेंच कंपनीने सीरियातला सिमेंट कारखाना चालू ठेवण्यासाठी इस्लामिक स्टेटसह सशस्त्र गटांना पैसे दिले आणि २०२२ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ७७.८ कोटी डॉलर भरले. तिथे राहणंच चूक होतं. रशियातून निघताना मॅकडोनाल्ड्सने २०२२ मध्ये आठशेहून जास्त उपाहारगृहं विकली, ती कर्मचाऱ्यांना किमान दोन वर्षं कामावर ठेवण्याच्या अटीवर. डॅनोन आणि कार्ल्सबर्ग तिथून पाय काढत असतानाच २०२३ मध्ये सरकारने त्यांच्या कंपन्यांचा ताबा घेतला.

कपड्यांच्या कारखान्यात दोष सापडला म्हणून त्याच दिवशी ऑर्डर काढून घेणं याला मात्र मी जबाबदारी म्हणत नाही. त्याने फक्त ब्रँडचं नाव वाचतं. रात्री ११.४० ला शिवणाऱ्या त्या बाया (प्रश्न ४) दुसऱ्या महिन्यात बेकार होतात, बहुधा थकलेल्या पगारासकट. आधी दुरुस्तीला मुदत आणि पैसे द्यावेत, ऐकलंच नाही तर निघावं, आणि निघताना देणी चुकती करावीत. तातडीचा जीवघेणा धोका असेल तर काम तिथल्या तिथे थांबवायचं, पगार चालू ठेवून.

१४. कंपनी विकत घेतली तर तिची जुनी प्रकरणंही आपल्या गळ्यात पडतात का?

कायद्यात ते व्यवहाराच्या रचनेवर अवलंबून असतं. लोकांच्या मनात बहुतेक वेळा पडतात. डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीने २००१ मध्ये युनियन कार्बाइड घेतली. भोपाळची देणी आपल्याकडे आली नाहीत, ही तिची भूमिका आजतागायत आहे, आणि भोपाळचे लोक आजतागायत तिच्याच दारात उभे राहतात. बायरने २०१८ मध्ये सुमारे ६,३०० कोटी डॉलरला मोन्सँटो घेतली, त्याच ऑगस्टमध्ये मोन्सँटोच्या ग्लायफोसेट या तणनाशकाच्या पहिल्या खटल्याचा निकाल विरोधात गेला, आणि २०२० मध्ये दावे मिटवण्यासाठी एक हजार कोटी डॉलरहून मोठी तरतूद जाहीर करावी लागली. लाफार्जचं सीरियातलं प्रकरण (प्रश्न १३) होल्सिम या दुसऱ्या सिमेंट कंपनीशी तिचं विलीनीकरण होण्याआधीचं, २०१३ आणि २०१४ मधलं. विलीनीकरण २०१५चं. सीरियातल्या कारभाराची आधी किंवा नंतर कोणी नीट छाननी केली नव्हती, हे अमेरिकी सरकारी वकिलांनी मुद्दाम नोंदवलं.

व्यवहाराआधी ताळेबंद आणि कर्जं तपासायला माणसांची फौज लागते. त्या फौजेत एक माणूस असा असावा, जो कारखान्यात जाऊन तुटलेल्या सुयांची वही मागेल.